अनोळखी माणूस पाहिजे

"सापडली!"

तो ओरडला, हातातला लांब दोर भराभर गोळा केला आणि धापा टाकत त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिला. मुलगी कालव्याच्या पुलावर, कठड्याला टेकून शेंगदाणे खात होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कुत्रीकडे पाहिलं, मग मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"मी?"

"हो, तुम्हीच."

"अगं बाई... मी हरवले होते? मला कुणी सांगितलंच नाही."

वारा असा सुटला होता की तिच्या हातातली शेंगदाण्याची सालं उडून थेट त्याच्या केसांत जाऊन बसत होती. तो तोंड उघडून उभा. आणि त्याची कुत्री, लांब कानांची, तपकिरी, कायम कसल्यातरी काळजीत असल्यासारखी दिसणारी... ती त्या दोघांकडे पाठ करून बसली होती. लग्नात एखादा नातेवाईक दारू पिऊन गोंधळ घालायला लागला की बाकीचे कसे 'आमच्यातला नाही हो' असा चेहरा करतात? अगदी तसा चेहरा.

मागून मोठ्या बाई चालत आल्या. शोधपथकाच्या केंद्रात मागावरच्या कुत्र्यांची आणि त्यांच्या हँडलरांची परीक्षा घेणाऱ्या त्याच. त्या कुत्र्याच्या मागे काही अंतर ठेवून गुपचूप चालायच्या, आणि त्यांचा चेहरा म्हणजे बंद दुकान. शटर खाली. काही कळू द्यायच्या नाहीत.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"बाई, माग हिचाच..."

"माग हिचा नाही. ज्याचा माग आहे तो तिकडे पाण्याच्या टाकीमागे बसून जांभया देतोय. कोपऱ्यावर कुत्री थांबली, डावीकडे मान घातली. तेवढ्यात तुला पुलावर बसलेलं माणूस दिसलं, आणि तू दोर ओढलास. असंच ना?"

त्यानं केसांतली सालं झटकली.

"कुत्री पास आहे. नापास तू झालास. दुसऱ्यांदा."

"मग मी सापडले ते फुकटच का?" मुलीनं मधेच विचारलं. आणि शेंगदाण्याची पुडी त्याच्यापुढे धरली. "घ्या. वाईट वाटून घेऊ नका. माझी गाडी पंक्चर झालीय म्हणून बसले होते, नाहीतर तुम्हाला मीसुद्धा मिळाले नसते."

बाईंनी तिथेच, तिच्यादेखत, त्याला सांगून टाकलं. अजून एकच संधी. महिन्याभरात शेवटची परीक्षा. त्यातही दोर ओढलास तर कुत्री दुसऱ्या हँडलरकडे जाईल आणि तू फाटकावर बसशील, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत.

तो मान खाली घालून निघाला. वळणावर त्यानं मागे पाहिलं, तर मोठ्या बाई त्या मुलीशीच काहीतरी बोलत होत्या आणि ती मान हलवून हसत होती. माझ्यावरच हसतायत, त्यानं ठरवून टाकलं. ठरवून टाकायची त्याला सवयच होती.

*

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणापासून. पायाला भिंगरी, हाताला भिंगरी, जिभेलाही भिंगरी. चहा ओतून होईपर्यंत कप उचलायचा. सिनेमाला गेला की शेजारच्याला विचारायचा, 'आता मरेल ना हा?' झोपेतसुद्धा कूस बदलता बदलता पलंगावरून खाली.

आणि कुत्रीचं नाव मावशी. केंद्रात आली तेव्हा कागदावर काहीतरी रुबाबदार नाव होतं, पण तिची चाल, तो उसासा टाकून बसणं, ते सगळ्यांकडे 'जेवलात का नीट?' असं बघणं... दुसरं नाव टिकलंच नाही. मावशी संथ होती. कोपऱ्यावर थांबायची, गोल फिरायची, परत मागे यायची, विचार करायची. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला भिंगरी! दोर म्हणजे काही नुसती दोरी नसते हो. वरच्या माणसाच्या पोटात कालवाकालव झाली की ती सरसर खाली कुत्र्याच्या छातीपर्यंत जाते. मावशी बिचारी माणसाचा वास शोधायला निघायची, आणि वाटेत तिला याची धडधडच जास्त लागायची.

पण ती त्याची होती. पिल्लू असल्यापासून त्यानं वाढवली होती. ती दुसऱ्याच्या दोराला लागणार... हे मनात आलं की तो उठून येरझाऱ्या घालायला लागायचा. घरात जागा कमी. तीन पावलं की भिंत.

"अरे बस की!" बाबा ओरडायचे. बाबा सगळंच ओरडून बोलायचे, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं. उभी हयात छापखान्यात यंत्राशेजारी गेलेली. "डोकं गरगरायला लागलं माझं!"

"बाबा, आज कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

"काय?"

"कान!"

"छान काय त्यात?"

तर असे ते दोघं, आणि मागे मावशी, चपलांच्या दुकानावरच्या कानाच्या दवाखान्यात जाऊन पोचले. काचेचं दार ढकललं, आणि आत टेबलामागे... तीच. पुलावरची. पांढरा कोट, केस वर बांधलेले, कानामागे पेन.

"अरे, तुम्ही!" ती म्हणाली. "आज कोण हरवलंय?"

"बाबांचे कान."

ती हसली. तिचं हसणं आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर. मधे एक छोटीशी फट असायची, आणि त्या फटीत भिंगरीचा जीव अडकला. त्याला वाटलं, आत्ता हसेल, आत्ता हसेल... आणि हसली.

ऐकण्याची तपासणी करायचं काम तिचं. एका बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर मोठा हेडफोन, हातात बटन. बाबांनी त्या खोलीला लगेच नाव दिलं, कपाट. ते कपाटात जाऊन बसले. भिंगरी बाहेर. पाय हलवत.

"तुमच्या पायाचा आवाज माझ्या मशीनला ऐकू जातोय," ती म्हणाली.

त्यानं पाय थांबवला. मग बोटं वाजायला लागली. तिनं बोटांकडे नुसतं पाहिलं. बोटं थांबली. मग गुडघा.

बाबांचं झाल्यावर तिनं कपाटाचं दार उघडं धरलं. "या. आता तुम्ही."

"मला येतं की ऐकू!"

"बघू तर. आवाज आला की बटन दाबायचं, नाही आला की नाही दाबायचं. एवढंच."

तो बसला. काचेपलीकडे ती. मान खाली, एक केस सुटून गालावर आलेला. आत इतकी शांतता की स्वतःचं रक्त ऐकू यावं. त्यानं बटन दाबलं. तिनं मान हलवली, नाही. त्यानं पुन्हा दाबलं. नाही. पुन्हा.

तिनं दार उघडलं. "आवाज नव्हता."

"येणारच होता की आत्ता."

"पण आला नव्हता ना!" ती खळखळून हसली. "तुमच्यासारखी पुष्कळ येतात इथे. कान चांगले असतात. शांतता सोसत नाही."

"मग त्यांचं काय करता?"

"काही नाही. मी थांबते. दमतात कधीतरी."

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं. कपाट लहान होतं, आणि ती दारात उभी होती, आणि तिच्या कोटाला साबणाचा वास येत होता... आणि बाबा बाहेरून ओरडले, "सुनबाई, झालं का?"

"बाबा!!"

"काय झालं? बाईंना सुनबाई नाही म्हणालो मी. 'सुन्न झालं का' विचारलं. माझा कान सुन्न झालाय."

बाबांना किती ऐकू येत होतं आणि किती येत नव्हतं, याबद्दल भिंगरीला त्या दिवसापासून शंकाच यायला लागली.

*

मग काय? बाबांना कानाचं मशीन लागलं, आणि ते मशीन फार बिघडायला लागलं. कधी शिट्टी मारायचं, कधी सेल संपायचा, कधी कानात रुतायचं.

"माझं मशीन उत्तम आहे," बाबा म्हणायचे. "बिघाड तुझ्यात आहे. पण घेऊन जा हो, घेऊन जा. मी बसतो तोवर बहिरा."

दवाखाना बंद झाला की ती खाली यायची. चपलांच्या दुकानाच्या पायरीवर मावशी बसलेली असायची. ती मावशीला बिस्किट द्यायची, आणि मावशी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून असा काही उसासा सोडायची की जशी जन्मापासूनची दुःखं हिलाच सांगायची राहिली होती. मग तिघं कालव्याच्या कडेनं चालायचे. वारा त्या दिवसांत सारखाच. धुळीचा, ओलसर, कधी या बाजूनं कधी त्या. तिची ओढणी त्याच्या हातावर येऊन आपटायची. ती सावरायची. पुन्हा यायची.

"माणसाचा माग म्हणजे नक्की काय असतं हो?" तिनं एकदा विचारलं.

"आपण चालतो ना, तेव्हा अंगावरून कातडीचा बारीक कोंडा पडत असतो. दिसत नाही. पण सारखा पडतो. वाऱ्यानं उडतो, गवतात अडकतो, भिंतीच्या कडेला जमतो. त्याचा वास कुत्र्याला कळतो."

"शी! म्हणजे मी इथून घरापर्यंत सांडत जाते?"

"सगळेच सांडतात."

"आणि प्रत्येकाचा वेगळा?"

"प्रत्येकाचा."

ती थोडं चालली. मग अगदी साळसूदपणे, "माझा कसा आहे?"

"मावशीला विचारा."

"तुम्हाला नाही येत?"

"येतो... म्हणजे... साबणाचा येतो. म्हणजे मी मुद्दाम नाही घेत हं... वारा असतो... आणि तुम्ही या बाजूनं चालता..."

"मग बाजू बदलू?"

"नको!" तो इतक्या जोरात म्हणाला की मावशीनं वळून पाहिलं.

एका संध्याकाळी परीक्षेचा विषय निघाला. खरं तर तो रोजच निघायचा. तो दुसरं काही बोलायला गेला तरी फिरून तिथेच. मावशी जाईल, मावशी जाईल. शेजारच्या पिंजऱ्यांपाशी एक हँडलर होता, केसांचा भांग फूटपट्टीनं पाडलेला. त्याला सगळे सरळभांग म्हणायचे. मावशी त्याला मिळणार, असं केंद्रात बोललंही जात होतं. त्यानं मावशीसाठी नवा छातीपट्टा आणूनही ठेवला होता म्हणे.

"परीक्षेत माग चालणारी माणसं कोण असतात?" तिनं विचारलं.

"अनोळखी. मोठ्या बाई कुठून पकडून आणतात देव जाणे. आम्हाला सांगत नाहीत. त्यांनाही कुणापाशी बोलायची बंदी असते. पहाटे येऊन चालून जातात, कुठेतरी जाऊन बसतात, कुत्रं येईपर्यंत हलायचं नाही. फोनसुद्धा काढून घेतात."

"आणि ते माणूस... ओळखीचं निघालं तर?"

"तर ती परीक्षा कसली? ओळखीच्या माणसाकडे कुणीही पळत जाईल. माझा बापसुद्धा."

ती काहीतरी म्हणणार होती. ओठ उघडले, मग खालचा ओठ दातात धरला. पायाजवळचा खडा उगाचच कालव्यात ढकलला. पण भिंगरीला हे कुठलं दिसायला? तो तोवर पुढे जाऊन, दोर कसा सैल ठेवायचा ते वाऱ्यालाच दाखवत होता.

आठवड्यानं ती म्हणाली, "रविवारी मी भेटणार नाही. काम आहे."

"माझीही परीक्षाच आहे रविवारी."

"माहितेय." तिनं मावशीच्या कानांमागे दोन्ही हातांनी खाजवलं, तिच्याकडेच बघत म्हणाली, "शहाण्यासारखं वाग हं. आणि यांनाही वागव."

*

रविवारी सकाळी आभाळ भरलेलं. पाऊस पडत नव्हता, नुसता पडेन पडेन म्हणून ताटकळवत होता. परीक्षा जुन्या मालधक्क्याच्या परिसरात. बंद गोदामं, मधल्या अरुंद गल्ल्या, गंजलेल्या रुळांमधून वाढलेलं गवत, पलीकडे कालवा आणि पंपघर.

सगळे हँडलर ओळीनं उभे. मोठ्या बाईंनी पिशव्या पुढे केल्या. तोंड बांधलेल्या, प्रत्येकीत एक कापड, ज्याचा माग काढायचा त्याच्या अंगावरचं. कुणी कुठली उचलायची ते नशिबावर. भिंगरीनं पटकन पहिलीच उचलली.

त्यानं मावशीला छातीपट्टा चढवला. गाठ सोडली, पिशवी तिच्या नाकासमोर धरली.

मावशी कामावर असताना शेपूट हलवत नाही. ते तिच्या तत्त्वात बसत नाही. आज मात्र तिनं पिशवीत नाक घातलं, आणि तिची शेपूट आधी टोकापाशी हलली, मग अर्धी, मग मागचं सगळं अंगच हलायला लागलं. तिनं दोन पाय उचलून त्याच्या छातीवर ठेवले आणि हुंदका दिल्यासारखा आवाज काढला.

भिंगरीनं पिशवीकडे पाहिलं.

त्यानं पिशवी स्वतःच्या नाकाशी नेली. चार हँडलर बघत होते, सरळभांग बघत होता, केंद्राच्या इतिहासात पिशवीत नाक खुपसणारा पहिला माणूस म्हणून तो अजरामर होणार होता. पण त्यानं नेली.

साबण.

ती तिकडे कुठेतरी बसली होती. आत्ता. त्याला फक्त 'चल' म्हणायचं होतं. एवढंच! मावशी वाऱ्यासारखी गेली असती. ना कोपऱ्यावर थांबणं, ना गोल फिरणं. तो दोर ओढू म्हटलं तरी ओढायला मिळाला नसता. मावशी त्याची राहिली असती. आणि कुणाला कधी कळलंही नसतं...

"काय झालं?" मोठ्या बाई.

"काही नाही."

"मग निघ."

त्यानं दोर हातात घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मावशी त्याच्याकडे बघतेय, चल ना, चल ना. आणि त्याच्या डोक्यात एकच... अशी जिंकलेली मावशी उद्या खरोखरच कुणी हरवलेलं पोर शोधायला निघेल, दोराच्या टोकाला मी असेन, आणि कोपऱ्यावर मी पुन्हा ओढेन.

"बाई," तो म्हणाला. "हा माग नाही चालणार. माणूस ओळखीचं आहे."

"कुणाच्या? कुत्रीच्या की तुझ्या?"

"दोघांच्या."

"कितपत ओळखीचं?"

सगळे कान टवकारून. कुत्र्यांचेसुद्धा. भिंगरीनं एकदा आभाळाकडे बघितलं.

"माझ्या बाजूनं पुरती ओळख आहे बाई. तिच्या बाजूचं... अजून विचारलेलं नाही."

कुणीतरी शिट्टी मारली. सरळभांगानं तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. मोठ्या बाईंच्या चेहऱ्याचं शटर इंचभर वर गेलं की काय असं वाटलं, पण लगेच खाली.

"हिला मीच पुलावर धरलं होतं," बाई म्हणाल्या. "एकदा रस्त्यात दिसली म्हणजे ओळख नव्हे, म्हटलं. तुम्ही पुढे उद्योग करून ठेवाल हे मला काय ठाऊक? बरं. हा माग रद्द. दुसरा घालते."

त्या फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्यानं चाललेल्या एका वीजमीटर बघणाऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. त्याला बिचाऱ्याला आधी वाटलं, कुणाचं तरी बिल चुकलंय. बाईंनी त्याची टोपी पिशवीत घातली, वाट समजावली, आणि तो गोदामांमध्ये दिसेनासा झाला.

"आता थांबायचं," बाई म्हणाल्या. "माग जरा मुरू दे."

"बाई, पण ती? तिला बोलवून आणतो. ती तिथे बसलीय, फोन नाही तिच्यापाशी..."

"आत कुणी पाय ठेवायचा नाही. नवा माग मोडेल."

"पाऊस येतोय!"

"येऊ दे. विरघळणार नाही ती."

आणि पाऊस आलाच. बारीक, तिरका, वाऱ्याबरोबर दिशा बदलणारा. भिंगरी पत्र्याखाली या टोकाकडून त्या टोकाकडे. ती आता काय म्हणत असेल? कुत्रं का येत नाही? की तिला वाटत असेल, भिंगरी नेहमीप्रमाणे भलत्याच कुणापुढे जाऊन 'सापडली' म्हणून ओरडतोय? की तिला काहीच वाटत नसेल... की ती उठून घरी गेली असेल, आणि यापुढे बाबांच्या मशीनला खरोखरच काही झालं तरी... 

"बस," बाई म्हणाल्या.

तो बसला. उठला.

*

मग मावशीनं टोपीचा वास घेतला. या वेळी शेपूट नाही. नुसता एक उसासा. कामाला लागायचं तर लागू या. मान खाली, कान जमिनीला घासत, ती निघाली.

रूळ ओलांडले. पहिल्या गोदामाच्या भिंतीकडेनं. ओल्या गवतात तिचं नाक नुसतं वाचत चाललेलं. भिंगरी दोर सैल सोडून मागे, दात आवळून. बाई त्याच्याही मागे. एका कोपऱ्यावर मावशी थांबली, वळली, पुन्हा मागावर आली. त्याच्या मनगटाला ओढायची जुनी खाज आली, ती त्यानं मुठीत दाबली.

आणि दोन गल्ल्या मिळतात तिथे मावशीचं डोकं झटकन वर आलं.

शेपूट! टोकापाशी. मग अर्धी.

भिंगरीला कळलं. सकाळी ती इथूनच गेली होती. बाईंनी मीटरवाल्याला मुद्दाम तिच्या मागावरून आडवं घातलं होतं. मावशी उजवीकडच्या गल्लीकडे तोंड करून उभी राहिली. त्या गल्लीच्या टोकाला कालवा दिसत होता, पंपघराचं कौलारू छप्पर दिसत होतं. तिथेच असेल. तिथेच! मावशीनं एक पाय उचलला आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. जाऊ ना?

त्याचं सगळं अंग उजवीकडे झुकलं. खरं सांगायचं तर मावशीपेक्षा जास्त. मग त्याला वाटलं, नाही, हे चूक, डावीकडे ओढू का? पण मीटरवाला डावीकडे गेला की सरळ, हे त्याला कुठे माहीत होतं? त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत असलंच तर तिला. चार पायांवर उभी, ओली, कानांतून पाणी गळतंय, एकीकडे बिस्किटं आणि मांडी आणि एकीकडे कुणा परक्याची मळकी टोपी.

तो थांबला. दोर खाली लोंबत राहिला, चिखलाला टेकला. पाऊस डोळ्यांत जात होता. मागे बाईंच्या श्वासाचासुद्धा आवाज नाही. आयुष्यात एवढा वेळ तो एका जागी कधी उभा राहिला नव्हता, आणि आतून मात्र सगळं भिरभिर, भिरभिर... दोरातून खाली जायला नको म्हणून त्यानं तो बोटांच्या टोकांवर नुसता ठेवला होता.

मावशीनं मान खाली घातली. उजवीकडच्या गल्लीत चार पावलं गेली. थांबली. एक मोठा, फार मोठा उसासा टाकला. आणि वळून, त्याच्या पायांजवळून, डावीकडच्या भिंतीला नाक लावून सरळ चालू लागली.

मीटरवाला एका मोडक्या ट्रकमागे टायरांच्या ढिगावर बसला होता. मावशी त्याच्यासमोर जाऊन बसली आणि एकदाच भुंकली.

"आलात का! बरं झालं," तो म्हणाला. "माझ्या दोन गल्ल्या राहिल्यात अजून."

भिंगरी वळला. बाई मीटरवाल्याची टोपी झटकत होत्या.

"ठीक," त्या म्हणाल्या.

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे मावशी तुझ्याकडेच. सरळभांगाला म्हणावं पट्टा परत कर." त्यांनी हात झटकला. "आता उभा काय राहिलास? ती पोरगी सकाळची बसलीय."

*

दोन गल्ल्या मिळतात तिथे परत येईपर्यंत मावशीलाही कळलं होतं की ड्युटी संपली. ती अशी सुटली की भिंगरी दोराच्या टोकाला पतंगासारखा.

पंपघराच्या पडवीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली, नाक लाल. मावशी तिच्या अंगावर चढली, तोंड चाटलं, चिखलाचे पंजे सगळ्या कपड्यांवर उमटवले. ती मावशीला मिठी मारून हसली, आणि त्याच्याकडे बघितल्यावर चिडली.

"एवढा वेळ?! मला वाटलं मला विसरले सगळे! नापास झालात ना?"

"पास झालो."

"माझ्यापर्यंत तर आला नाहीत. पास कसे?"

"तुमचा माग घेतलाच नाही. रद्द करायला लावला."

"का?"

"ओळखीच्या आहात म्हणून."

ती ओढणीचं टोक पिळत राहिली, त्यातून पाणी टपटपत राहिलं.

"सगळ्यांसमोर सांगितलंत?"

"हो."

"मला नाही जमलं," ती हळूच म्हणाली. "बाईंनी मला विचारलं होतं, इथलं कुणी ओळखीचं झालंय का नंतर? मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कसली ओळख. मी काय सांगणार होते? मशीनची शिट्टी? आणि एवढ्या कुत्र्यांत नेमका माझा कपडा तुमच्याच हाताला लागेल असं... तुमची मावशी गेली असती माझ्यामुळे. सकाळपासून हेच घोळतंय डोक्यात."

"मलाही विचारलं त्यांनी. कितपत ओळख म्हणून."

तिनं वर पाहिलं. "मग?"

"माझ्या बाजूनं पुरती, म्हटलं. तिच्या बाजूचं अजून विचारलेलं नाही."

पाऊस कौलांवर. कालव्याचं पाणी. मावशी दोघांच्या मधे, आळीपाळीनं बघत.

"म्हणजे घाई नाही," भिंगरी म्हणाला. "उद्या सांगितलंत तरी चालेल. किंवा नाही म्हणालात तरी... बाबांचं मशीन मी दुसरीकडे दाखवीन, म्हणजे तुम्हाला अवघड नको वाटायला, आणि मावशीची सवय हळूहळू..."

"गप्प बसा ना जरा! उत्तर देतेय मी."

"कुठे देताय?"

"जमवतेय."

तो पडवीच्या कडेला टेकला. तिचे डोळे आधी हसले. मग ती मधली फट. मग ओठ.

"बाईंना सांगा," ती म्हणाली, "दुसऱ्या बाजूनंही पुरतीच आहे."

तो ताडकन उठला.

"अहो, निघालात कुठे?"

"सांगायला!"

"आत्ता?" तिनं त्याच्या रेनकोटचं टोक धरलं आणि त्याला खाली ओढलं. तो धपकन तिच्या शेजारी बसला, अगदी खांद्याला खांदा लागून. रेनकोट तिनं सोडला नाही. "सांगाल हो सावकाश. कळेल त्यांना..."

"कळलं!"

आवाज भिंतीपलीकडून आला. दोघंही दचकले. मोठ्या बाई कोपऱ्यावर छत्री धरून, पाठ करून उभ्या होत्या. कुत्र्याच्या मागे अंतर ठेवून गुपचूप चालायची सवय, ती परीक्षा संपली म्हणून काय सुटते?

"कळलं मला," बाई वळून न बघता म्हणाल्या. "मी जीपमध्ये बसते. तुमचं झालं की या. आणि मावशीला आधी पाठवा, उगाच भिजतेय."

मावशी मात्र जागची हलली नाही.